पळीवाढं म्हणजे किती पातळ?

घरातली भांडी, घरातले शब्द : भाग ९

पिठलं किती पातळ ठेवायचं, असं कोल्हापुरातल्या एखाद्या जाणत्या बाईला विचारा. पाण्याच्या वाट्या मोजून सांगायच्या फंदात ती पडणार नाही. ‘पळीवाढं ठेव,’ एवढं म्हणेल आणि तव्यावरची भाकरी उलटायला वळेल. ज्यांना पळी ठाऊक आहे त्यांना पुढे काही विचारावं लागत नाही. ज्यांना नाही, त्यांच्यासाठी आजचा भाग.

पळीवाढं म्हणजे पळीनं वाढता येईल असं. ऐकायला सोपं आहे, पण त्याला दोन्हीकडून हद्द आहे. झुणका पळीनं निघत नाही, तो उलथन्यानं खरवडूनच घ्यावा लागतो. ताक पळीनं निघतं, पण तसं कुणी वाढत नाही; उथळ पळीतलं निम्मं ताक ताटापर्यंत पोचायच्या आत सांडून जायचं. या दोहोंच्या मध्ये जे काही बसतं ते पळीवाढं. पळी कलती केली की पिठलं गोळागोळानं थपकन पडू नये, सलग पण जरा आळसावत उतरावं. ताटात पसरावं, आणि भाकरीची कड भिजवायच्या आत थांबावं. पळीच्या पाठीवर त्याचा पातळ थर राहावा. हे साधायला पाणी किती लागेल ते पिठावर, जाळावर आणि भांड्याच्या तोंडावर अवलंबून असतं. शिवाय पिठलं गार होताना घट्ट होतं, तेही आधीच धरावं लागतं. म्हणून माप पाण्याला न लावता पळीला लावलं. कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ १९७० साली आलं आणि मराठी स्वयंपाक वाटी-चमच्याच्या हिशेबात नीट बसला, नवशिक्यांची मोठी सोय झाली. तरी पातळ भाज्यांच्या कृतीत ‘पळीवाढी’ हा शब्द आजही येतोच. त्याची जागा घेणारं वाटीचं माप अजून कुणाला सापडलेलं नाही.

पळी दिसते साधी. उथळ, गोल तोंडाची वाटी आणि एका बाजूनं निघून किंचित वर वळलेला लांब दांडा. पण ती घरभर फिरते. लोखंडी पळी थेट जाळावर धरून तीत तेल तापवतात, मोहरी तडतडली, हिंग फुलला की पळी सरळ आमटीत बुडवतात आणि चर्रर्र आवाजानं शेजारच्या घरालाही जेवणाची वेळ कळते. देवघरात हीच पळी तांब्याची होऊन वीतभर लांबीची उरते आणि पंचपात्रीच्या सोबतीला जाते. आचमनाचं पाणी तळहातावर घ्यायचं ते तिनंच. गुजरातीत पळी आणि हिंदीत पली म्हणजे मुख्यतः तेलातुपाची काढणी, मापाची वस्तू. आपल्याकडेही ‘पळीभर तेल’ म्हटलं की वाण्याला आणि सुनेला सारखंच समजत असे.

पुण्याकडे आणि कोकणात आमटी-भाताच्या या कुळाला डाव म्हणतात. कोल्हापुरात हा शब्द जरा जपूनच वावरतो, आणि त्याचं कारण मला तरी एकच दिसतं. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ साली जिथे खासबाग मैदान उभं केलं, त्या गावात डाव म्हटलं की आधी तांबडी माती डोळ्यांपुढे येते. ढाक, एकलंगी, धोबीपछाड हे इथले डाव. ते टाकायचे असतात, आमटीत बुडवायचे नसतात. गंमत सोडा, पण घाट उतरून खाली गेलात की तळकोकणात करवंटीची डवली भेटते, गोव्यात तिचा दवलो होतो आणि इकडे गडहिंग्लज-निपाणीच्या बाजूला कानडी बोलणाऱ्या घरात त्याच कामाला सौटू लागतो. शंभर मैलांच्या आत एका भांड्याला इतकी नावं.

खरं रहस्य मात्र ओगराळ्यात आहे. पळीचा दांडा आडवा निघतो, ओगराळ्याचा उभा. चांगली खोल वाटी, तिच्या काठाला रिव्हेट मारून बसवलेली सरळ पट्टी, आणि पट्टीच्या टोकाला बाहेर वळवलेला आकडा, म्हणजे बादलीच्या काठाला अडकवून ठेवता येतं. उभ्या दांड्यामुळे ते अरुंद तोंडाच्या भांड्यात सरळ खाली जातं. गवळ्याच्या किटलीतलं दुधाचं माप याच घडणीचं असतं. खेड्यात ओगराळ्याचं ‘वगराळं’ होतं आणि शहरातली माणसं त्याला अशुद्ध समजून हसतात. हसू नये. जुन्या मराठीत ‘वोगरणे’ असं क्रियापद होतं, आणि त्याचा अर्थ अन्न वाढणे. ‘ज्ञानेश्वरी’त ते आहे. म्हणजे वगराळं म्हणणारी आजी जुन्या शब्दाला आपल्यापेक्षा जवळची.

आता याच्या शेजारी कानडीतला ‘ओगर’ ठेवून पाहा. ओगर म्हणजे शिजवलेला भात, अन्न. उडुपी हॉटेलात मिळणारा चिंचेचा आंबट भात, पुळियोगरे, त्याच्या शेपटाला हाच ओगर आहे. ‘पुळि’ म्हणजे आंबट. तिकडे ओगर म्हणजे अन्न, इकडे वोगरणे म्हणजे अन्न वाढणे, आणि वाढायचं साधन ते ओगराळे. पंचगंगेच्या काठावर उभं राहिलं की ही सोयरीक कानाला ओळखीची वाटते. इथल्या बोलीत कानडी शब्द काही पाहुणे म्हणून आलेले नाहीत. फक्त एक जपा. कानडीत ‘ओग्गरणे’ असाही शब्द आहे आणि त्याचा अर्थ फोडणी. ओगर आणि ओग्गरणे ऐकायला जुळे वाटले तरी एकाच्या जागी दुसरा वापरला तर ताटात भलतंच येईल.

‘वोगरणे’ मागे पडलं आणि ‘वाढणे’ राहिलं. हिंदीवाले परोसतात, आपण वाढतो. मूल वाढतं तेच क्रियापद पानातल्या भातालाही. अन्न संपलं असं म्हणायचं नसतं, नारळ फोडला असं म्हणायचं नसतं, तो वाढवायचा असतो, बांगडीसुद्धा फुटत नाही, वाढते. त्याच रीतीचा हा शब्द आहे.

कोल्हापुरात ओगराळ्याला जी प्रतिष्ठा आहे ती रश्श्यामुळे. तांबडा रस्सा पातेल्यात शांत उभा असतो तेव्हा त्याचे थर पडलेले असतात. वर लाल तेलाचा तवंग, मध्ये पातळ रस्सा, तळाशी खोबरं-कांदा-मसाल्याचा गाळ. यातलं काय तुमच्या वाटीत येणार ते वाढणाऱ्याच्या मनगटावर ठरतं. ओगराळं हळूच, काठ तेवढा पृष्ठभागाखाली जाईल इतकंच दाबलं, तर तेल आपणहून आत वाहत येतं आणि वाटीत नुसता कट उतरतो. तेच ओगराळं झपकन तळापर्यंत घातलं, एकदा फिरवलं आणि सरळ वर काढलं, तर तिन्ही थर येतात. मिसळीच्या दुकानात ‘कट जरा बेतानं’ अशी ऑर्डर आली की सराईत माणूस ओगराळ्याच्या बुडानं तवंग बाजूला सारतो आणि उघड्या पडलेल्या जागेतून खालचा रस्सा उचलतो. दोन सेकंदांचं काम. शिकायला मात्र एक हंगाम जातो. उथळ पळीनं हे जमत नाही असं नाही, पण पळीचं तोंड पसरट, तिला तेलच आधी सापडतं. कट काढायला पळी आणि रस्सा वाढायला ओगराळं, अशी साधी वाटणी बऱ्याच घरांत असते.

पांढऱ्या रश्श्याचं तंत्र वेगळं. मटणाचं पाणी आणि नारळाचं दूध. त्याला उकळी जोरात आली की तो फाटतो. म्हणून तो मंद आचेवर ठेवून सतत हलवायचा, ओगराळ्यानं उचलून वरून पुन्हा आत सोडायचा. आणि तांबड्याचं ओगराळं चुकूनही त्यात घालायचं नाही. गुलाबी झालेला पांढरा रस्सा कोल्हापुरात वाढला जात नाही. पाहुणा सभ्य असला तरी घरची माणसं ऐकवतात.

खानावळीत बघा. बहुतेक ठिकाणी मटणाच्या फोडी मोजून येतात आणि रस्सा हवा तेवढा. म्हणजे मोजक्या गोष्टीची पळी आत, आचाऱ्याच्या हाताशी राहते आणि बेमोजणीचं ओगराळं बादलीत बसून बाहेर टेबलांमधून हिंडतं. ताटाशी येऊन ‘तांबडा? पांढरा?’ विचारणाऱ्या पोराच्या हातात पळी कधी दिसायची नाही. कुठलं भांडं कुठवर जाणार यावर सगळा धंदा उभा आहे, आणि मला विचाराल तर कोल्हापूरच्या दिलदारपणाच्या ज्या कथा सांगितल्या जातात त्यांतल्या निम्म्या या ओगराळ्याच्या हिशेबावर चालतात.

गावच्या यात्रेच्या महाप्रसादात हाच प्रकार मोठ्या अंगानं होतो. गव्हाची खीर, भात आणि आमटी. खीर दाट, तिला भक्कम दांड्याची मोठी पळी. आमटीला बादली आणि ओगराळं. पहिल्या पंगतीला वरचं पाणी, शेवटच्या पंगतीला तळचा डाळीचा गाळ, हे ठरलेलंच, मधे कुणी ढवळलं नाही तर. वाढपी ओळखीचा असला की पंगतीत कुठेही बसा, असं म्हणतात ते उगाच नाही. ओळखीचा वाढपी पानापाशी थांबून ओगराळं तळाशी नेतो.

लांब दांड्याची दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण या भागात ती विसरून चालणार नाही. वाढणाऱ्याचा हात आणि घेणाऱ्याचं पान यांत हातभर अंतर ठेवता येतं, आणि हे अंतर सोवळ्यासाठी वापरलं गेलं तसंच माणसाला माणसापासून दूर ठेवण्यासाठीही. अस्पृश्य मानलेल्या माणसाला पाणी वरून ओतायचं, भाकरी वरून टाकायची. याच शहरात शाहू महाराजांनी १९१९ मध्ये हुकूम काढून सार्वजनिक विहिरी, दवाखाने, शाळा अशा ठिकाणी अस्पृश्यता पाळायला बंदी घातली. पण हुकमानं दांडा आखूड होत नाही हे त्यांना कळत होतं. अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळे यांना त्यांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचं दुकान घालायला पाठबळ दिलं, आणि स्वतः तिथे गाडी थांबवून गंगारामांच्या हातचा चहा घेतला, सोबतच्या सवर्ण मंडळींनाही पाजला. वाढणारा कोण आणि घेणारा कोण, ही अदलाबदल त्या काळच्या कोल्हापुरानं भर रस्त्यात पाहिली.

संस्कृतात पळीला दर्वी म्हणतात. महाभारतात भीम बल्लव नावाचा आचारी होऊन विराटाच्या दरबारी येतो तो हातात दर्वी घेऊनच. सुश्रुतानं फणा काढणाऱ्या सापांना ‘दर्वीकर’ म्हटलं, कारण फणा पळीसारखा पसरतो. नागाच्या फण्याला पळीची उपमा द्यायला वैद्यालाही एकदा स्वयंपाकघरात डोकवावं लागलं असणार. ‘धम्मपदा’त पळी मूर्खाच्या वाट्याला आली आहे: जन्मभर शहाण्याच्या संगतीत राहूनही त्याला धर्म कळत नाही, जसा पळीला आमटीचा स्वाद. दाखला बिनतोड आहे, पण पळीवर थोडा अन्यायच. चव घेणं हे तिचं काम कधी नव्हतंच.

तिचा खरा मान अन्नपूर्णेच्या मूर्तीत दिसतो. लग्नात मुलगी माहेरून जी अंगठ्याएवढी पितळी अन्नपूर्णा घेऊन येते ती नीट निरखून पाहा. मांडी घालून बसलेली बाई, आणि दोन्ही हातांत आडवी धरलेली पळी. शस्त्र नाही, कमळ नाही. घासूनघासून नाकडोळे पुसट झालेल्या जुन्या मूर्तींतही पळीचा उंचवटा बोटाला लागतो.

चमचा हा या घरातला पाहुणा. तुर्की-फारसीतून आला आणि सगळ्यांची कामं बळकावून बसला. खुशामत्या माणसाचं नावही त्यालाच मिळालं, इतकं की कांशीराम यांनी १९८२ साली राजकारणातल्या अशा माणसांवर लिहिलेल्या पुस्तकाचं नावच ‘चमचा युग’ ठेवलं. हल्ली महाद्वार रोडच्या भांड्यांच्या दुकानात ओगराळं मागितलं तर तरुण विक्रेता आधी ‘सर्विंग स्पून’ दाखवतो. मागून मालक ओरडतो, ‘अरे, आमटीचं दे की त्यास्नी!’ मग वरच्या फळीवरून खरं ओगराळं खाली येतं. घेताना दोन गोष्टी पाहा. दांडा नुसता डाग देऊन चिकटवलेला असेल तर गरम रश्श्यात वर्षभरात हलायला लागतो. दोन रिव्हेट मारलेला घ्या. आणि वरचा आकडा तुमच्या पातेल्याच्या काठाला खरंच बसतो का ते पाहा, नाहीतर ओगराळं दर जेवणात आमटीत बुडेल आणि ते बाहेर काढायला पळीच लागेल.