साहेबांचं दुकान आणि आपला दिवाळीचा बाजार

(रेडिओवरील बोलणं. बचत गट समन्वयक, बिद्री)

 

आज आपण दुकानाविषयी बोलू या. दुकान म्हटलं की आपल्याला उधारीची वही आठवते. पण इंग्रजांच्या काळात मुंबईत एक असं दुकान होतं, जिथं उधारी नव्हती, घासाघीस नव्हती आणि घराला लागणारी जवळजवळ प्रत्येक वस्तू एका छपराखाली मिळायची. ते दुकान साहेबांचं होतं, आपलं नव्हतं. तरी ते ज्या रीतीनं चालायचं, ती रीत आपल्या गटानं समजून घेण्यासारखी आहे.

त्या दुकानाचं नाव आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स. मुंबईत ते १८९१ साली सुरू झालं. काळा घोडा भागात त्याची दगडी इमारत आजही उभी आहे. चहा, बिस्किटं, साबण, औषधं, कपबश्या, चादरी, बूट, कागद-शाई, घोड्याचं खोगीर, दौऱ्यावर न्यायचा तंबू आणि घडीची खाट, असा सगळा माल तिथं असायचा. मालाची यादी छापलेली असायची आणि प्रत्येक वस्तूपुढं तिची किंमत. विलायतेतली त्यांची यादी तर हजारावर पानांची होती. आडगावी नेमणूक झालेला साहेब त्या यादीवर खूण करायचा, चिठ्ठी टाकायची आणि माल टपालानं नाहीतर रेल्वेनं घरी यायचा.

आता ऐका गंमत. हे दुकान कुणा एका शेठनं काढलेलं नव्हतं. १८७१ साली लंडनमध्ये लष्करातल्या आणि आरमारातल्या काही अधिकाऱ्यांनी मिळून ही संस्था काढली. बाजारात वाइनची बाटली महाग पडते, तर सगळ्यांनी मिळून पेट्यांनीच घेऊ, इथून त्यांची सुरुवात झाली. मग वाइनबरोबर वाणसामान आलं, कपडे आले, फर्निचर आलं. सुरुवातीला माल फक्त सभासदांनाच मिळायचा. म्हणजे थोडक्यात, तो साहेबांचा गटच होता म्हणा ना!

माल स्वस्त का पडायचा? कारणं साधी आहेत. एक, सगळ्यांची गरज एकत्र करून ठोक भावानं खरेदी. दोन, रोखीचा व्यवहार. तीन, सगळ्यांना एकच भाव, तोही लिहिलेला.

यातलं रोखीचं कारण जरा उकलून सांगते. ज्या दुकानात उधारी चालते, तिथं थोडी उधारी बुडतेच. दुकानदाराचा पैसाही महिनोन् महिने अडकून पडतो. ती भरपाई तो कुठून करणार? भावातूनच. म्हणजे जी बाई रोख देते, तीही दुसऱ्याच्या उधारीचा थोडा भार उचलते. उधारी बंद झाली की तो भार उतरतो.

पण ही युक्ती साहेबांच्या डोक्यातली नव्हती. त्यांच्याही आधी ती गरिबांनी करून दाखवली होती. इंग्लंडमध्ये रॉचडेल नावाचं कापड गिरण्यांचं गाव आहे. तिथं मजुरी तुटपुंजी, दुकानदार भेसळीचा माल द्यायचे आणि उधारीमुळं कामगार त्यांना बांधलेले. १८४४ साली तिथले २८ जण एकत्र आले. त्यात बरेचसे विणकर होते. दर आठवड्याला चार नाणी बाजूला टाकत त्यांनी माणशी एक पौंडाचा भाग जमवला आणि डिसेंबर महिन्यात दुकान उघडलं. माल किती? थोडं पीठ, लोणी, साखर, ओटचं पीठ आणि काही मेणबत्त्या. बस्स. पण वजन चोख, माल चोख, विक्री रोखीनं. नफा ज्यानं जेवढी खरेदी केली त्या प्रमाणात परत. बायकांनाही सभासद होता यायचं आणि मत देता यायचं. जगभरातल्या सहकारी चळवळीनं पुढं याच दुकानाचे नियम उचलले.

साहेबांच्या दुकानात मात्र एक उणीव होती. सभासद साहेब, माल बहुतेक विलायती आणि नफाही तिकडंच. आपला कापूस बोटीनं जायचा आणि कापड होऊन परत यायचा. पैसा इथला, पण तो इथं फिरत नव्हता. १९०५ साली बंगालच्या फाळणीनंतर स्वदेशीची चळवळ पेटली, तेव्हा हीच गोष्ट लोकांच्या मनाला लागली. १९०६ साली मुंबईत स्वदेशी को-ऑपरेटिव्ह स्टोअर्स सुरू झालं. लोकमान्य टिळकांसारखे पुढारी आणि टाटांसारखे उद्योगपती त्यामागं होते. नुसत्या विलायती मालाच्या होळ्या करून भागत नाही, देशी माल मिळायला जागा पाहिजे, हा त्यामागचा विचार. ते दुकान पुढं बॉम्बे स्टोअर या नावानं ओळखलं गेलं.

आपल्या जिल्ह्याला तर हे नवं नाही. कोल्हापुरात १९३९ साली शेतकरी सहकारी संघ निघाला. वारणानगरचा वारणा बझार आपल्यातल्या कितीतरी जणींनी पाहिला असेल. ज्या घरात कारखान्याचा शेअर आहे, तिथं सवलतीची साखर येते. ती कुणाची मेहेरबानी नव्हे, सभासद असण्याचं ते बळ आहे. पण बहुतेक घरांत शेअर कुणाच्या नावावर असतो, हे मी सांगायला नको. म्हणून बाईच्या नावावरचं, बाईच्या हातातलं असं बळ म्हणजे आपला गट.

आता हिशेब धरा. गटात बारा बायका आहेत. अक्षय तृतीयेपासून दिवाळीपर्यंत साधारण पंचवीस आठवडे येतात. प्रत्येकीनं आठवड्याला ५० रुपये बाजारासाठी वेगळे ठेवले, तर एकीचे १,२५० आणि बाराजणींचे १५,००० रुपये होतात. बारा जणी सुट्ट्या सुट्ट्या दुकानात गेल्या, तर प्रत्येकीला किलो-दोन किलोचा भाव लागतो. पंधरा हजार रोख घेऊन गट ठोक दुकानात गेला, तर रवा, मैदा, डाळ, खोबरं, तेल पोत्याच्या आणि डब्याच्या भावानं मागता येतं.

हे करायचं तर काही नियम आधीच ठरवा आणि वहीत लिहा. बाजाराचा पैसा गटाच्या नेहमीच्या बचतीत मिसळू नका, त्याची वही वेगळी ठेवा. कुणाला काय आणि किती पाहिजे, याची यादी महिनाभर आधी करा. निदान तीन दुकानांचे भाव विचारा. खरेदीला तिघी जणी जा, दरवेळी त्याच तिघी नकोत. पावती घ्या आणि ती बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवा. माल सगळ्यांसमोर वजन करून वाटा. अध्यक्षीण असो की नवीन सभासद, भाव एकच.

इथं एक अडचण आहे, ती लपवून चालणार नाही. साहेबाला महिन्याला पगार होता, म्हणून त्याला रोखीचं दुकान परवडलं. आपल्याकडं पैसा उसाच्या बिलाला येतो, दुधाच्या बिलाला येतो, नाहीतर मजुरी मिळेल तसा येतो. भर पावसात काम बंद असतं, घरात कुणी आजारी असतं, तेव्हा गावातला दुकानदारच वहीत मांडून चहा-साखर देतो. त्याच्याशी भांडण काढायचं नाही. रोजची नड त्याच्याकडून भागवा. पण सणाचा मोठा बाजार, लग्नसराईचा बाजार, शाळा सुरू होतानाच्या वह्या-पुस्तकं, हे खर्च आधीपासून माहीत असतात. तेवढे तरी उधारीतून बाहेर काढू या. आणि एखादीला आठवड्याला ५० जमत नसतील, तर तिला २० भरू द्या, तिचा माल तेवढा कमी येईल. पण तिला गटाबाहेर ठेवू नका. तिलाच स्वस्त मालाची गरज सगळ्यात जास्त असते.

शेवटी स्वदेशीवाल्यांचा मुद्दा. यादी करताना आधी आपल्याच गटांकडं बघा. चटणी, पापड, शेवया, लोणचं शेजारच्या गावातला गट करत असेल, तर ते तिथूनच घ्या. तो पैसा आपल्यातच फिरेल. मात्र माल चोख पाहिजे आणि पाकिटावर वजन, भाव, तारीख लिहिलेली पाहिजे. गटाचा माल म्हणून कुणी एकदा घेईल, दुसऱ्यांदा घेईल तो चांगला आहे म्हणूनच.

येत्या बैठकीत हा विषय जरूर घ्या आणि ठरलं ते वहीत मांडून ठेवा.