बगॅस यार्डाची राखण

साखर कारखान्याचा हंगाम विस्तव पेटवून सुरू होतो. दसऱ्याच्या आगेमागे बॉयलरचं अग्निप्रदीपन होतं, संचालक सपत्नीक पूजेला बसतात, मग काही दिवसांनी गव्हाणीत मोळी पडते. बारामती आणि इंदापूर तालुक्यांत माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा हे सहकारी कारखाने आणि शेटफळगढ्याचा खासगी बारामती ॲग्रो. सगळीकडे थाट हाच. अग्निप्रदीपनाचे फोटो पेपरात येतात. तो अग्नी बॉयलरबाहेर पसरू नये म्हणून जिथे रात्रंदिवस डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं, त्या बगॅस यार्डाचा फोटो सहसा येत नाही.

100 टन ऊस गाळला की साधारण 28 ते 30 टन बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, उरतो. शेवटच्या मिलमधून निघताना त्यात जवळपास निम्मं पाणी असतं. नवख्याला वाटतं, ओला भुसा कशाला पेटतोय! पण तो कधी कधी काडी न लावताही पेटतो. बगॅसमध्ये थोडी साखर राहिलेली असते. ढिगाच्या पोटात ती आंबते, तापते आणि बगॅस ती उष्णता धरून ठेवतो. हिवाळ्यात उकिरडा उपसताना निघणारी वाफ पाहिलेल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. वरचा थर मात्र उन्हानं ठणठणीत वाळतो आणि त्याला एक ठिणगी पुरते.

ठिणगी कुठूनही येते: कन्व्हेअरचं तापलेलं बेअरिंग, वेल्डिंग, ट्रॅक्टरचा सायलेन्सर, विडीचं थोटूक. तळावर ऊसतोड मजुरांच्या कोप्या असतात, तिथे चुली पेटणारच. वारा जिथून यार्डाकडे येतो त्या बाजूला कोप्या पडल्या, तर दोष चुलीचा नाही, जागा नेमून देणाऱ्याचा.

एकदा ढीग पेटला की वरून मारलेलं पाणी बरंचसं ओघळून जातं आणि आत धुमसणं चालूच राहतं. लोडरनं ढीग फोडावा लागतो. फोडला की आत हवा शिरून आग उसळते, म्हणून पाइप आधीच रोखून उभं राहावं लागतं. हे काम दिवसचे दिवस चालतं. पेटत्या ढिगावर चढायचं नाही, हा पहिला नियम, कारण खालून जळून पोकळ झालेला भाग माणसासकट खचतो.

म्हणून एकच मोठा डोंगर न रचता वेगवेगळे ढीग, मधून बंब फिरेल इतका रस्ता आणि भोवती हायड्रंट, अशी यार्डाची रचना हवी. सहवीजनिर्मिती आल्यापासून बगॅसला भाव आला, तो साठवला जाऊ लागला आणि अशा वेळी पहिला गिळला जातो तो हा रस्ता. माझ्या मते ती मोकळी जागा हीच यार्डातली सर्वांत मोलाची अग्निशमन यंत्रणा आहे. आग लागल्यावर बारामतीहून सोमेश्वरनगरला बंब यायला सहज अर्धा-पाऊण तास लागतो. तोवर जे काही करायचं ते कारखान्याच्याच माणसांनी.

कारखान्याच्या डिस्टिलरीतल्या आगीची तऱ्हा वेगळी. इथेनॉलची ज्योत भर उन्हात जवळजवळ दिसत नाही आणि साधा फेस त्यावर टिकत नाही. अल्कोहोलला पुरून उरणारा खास फेस लागतो. साखरेच्या गोदामातली बारीक धूळही निरुपद्रवी नव्हे. अमेरिकेत जॉर्जियातल्या पोर्ट वेंटवर्थ इथे 7 फेब्रुवारी 2008 रोजी अशाच धुळीचा स्फोट होऊन 14 कामगार गेले. तिथे नियमित झाडलोट झाली असती, तर इतका मोठा अनर्थ झाला नसता.

14 एप्रिल 1944 ला मुंबई गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाच्या स्फोटात अग्निशमन दलाचे जवान मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी त्या दिवसापासून अग्निशमन सप्ताह पाळतात. त्या जहाजावरही दारूगोळ्याबरोबर कापसाच्या गाठी होत्या आणि आग आतल्या आत धुमसत होती. आपल्याकडे एप्रिल म्हणजे हंगाम संपून ढीग सर्वांत उंच आणि ऊन सर्वांत कडक असण्याचा काळ. प्रात्यक्षिक तेव्हा ऑफिससमोरच्या पत्र्याच्या ट्रेमध्ये न करता यार्डात करावं.

महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम 2006 चा. तो 6 डिसेंबर 2008 पासून लागू आहे. यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र, म्हणजे ‘नमुना ब’, वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. सप्टेंबरच्या सर्वसाधारण सभेत सभासद ऊसदरावर तावातावानं बोलतात, बोलावंच. त्याच सभेत कुणीतरी उठून जुलैचा ‘नमुना ब’ दाखवा, असंही म्हणावं.