पालक नावाची विद्याशाखा

अमेरिकेतल्या विद्यापीठांत दंतवैद्यकाचे विद्यार्थी दंतवैद्यकाच्या वर्गात बसतात आणि कायद्याचे कायद्याच्या. पदव्युत्तर टप्प्यावर तर ही कुंपणं आणखी उंच होतात. पण तिथल्याच काही विद्यापीठांत वर्षातून एक वर्ग असा भरतो की ज्यात बालरोगतज्ज्ञ होऊ घातलेला डॉक्टर, ऑडिओलॉजी शिकणारी विद्यार्थिनी, फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, आहारशास्त्र, नर्सिंग, समाजकार्य, मानसशास्त्र, जनुकीय समुपदेशन, विशेष शिक्षण यांचे विद्यार्थी, कधी एखादा दंतवैद्य तर कधी कायद्याचा अभ्यासक, असे सगळे एकत्र येतात. त्यांच्याच रांगेत एक बाई बसलेली असते. यातली एकही पदवी तिच्याकडे नसेल, पण तिचं मूल स्वमग्न आहे, किंवा त्याला डाउन सिंड्रोम आहे, किंवा सेरेब्रल पाल्सी. हजेरीपटावर प्रत्येकाच्या नावापुढे त्याची विद्याशाखा लिहिलेली असते. तिच्या नावापुढे लिहिलेलं असतं : कुटुंब.

ती कुणाची पेशंट म्हणून किंवा पेशंटची आई म्हणून आलेली नसते. ती प्रशिक्षणार्थी असते, आणि शिकवणाऱ्यांच्या यादीतही तिच्यासारखे पालक असतात. अलीकडे बऱ्याच केंद्रांनी स्वतः अपंगत्वासह जगणाऱ्या व्यक्तींनाही याच नात्याने वर्गात घेतलं आहे.

या कार्यक्रमाचं नाव लांबलचक आहे : लीडरशिप एज्युकेशन इन न्यूरोडेव्हलपमेंटल अँड रिलेटेड डिसॅबिलिटीज. सगळे त्याला ‘लेंड’ म्हणतात. मेंदूच्या वाढीशी निगडित अपंगत्व असलेल्या मुलांसाठी तज्ज्ञांची पुढची पिढी तयार करणं हे त्याचं काम. पैसा संघराज्य सरकारच्या माता-बाल आरोग्य विभागाकडून येतो. देशभरात आज अशी सुमारे 60 केंद्रं आहेत, आणि पूर्ण मुदतीच्या विद्यार्थ्याला एका शैक्षणिक वर्षात किमान 300 तास इथे द्यावे लागतात, तेही बहुतेकदा स्वतःचा मूळ अभ्यासक्रम सांभाळून. ही आकडेवारी कुठल्याही सरकारी योजनेला शोभेल. मला मोलाची वाटते ती हजेरीपटावरची ती नोंद. पालकाजवळ जे आहे ते ज्ञान आहे, आणि डॉक्टरच्या ज्ञानासारखंच ते वर्गात बसून शिकण्या-शिकवण्याजोगं आहे, हे एखाद्या शिक्षणव्यवस्थेने कागदोपत्री मान्य करावं, ही साधी गोष्ट नाही.

ती मान्य व्हायला अर्थातच पालकच कारणीभूत होते. एलिझाबेथ बॉग्स या बाई केंब्रिजच्या डॉक्टरेट, विषय सैद्धांतिक रसायनशास्त्र. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी स्फोटकांवर संशोधन केलं होतं. 1945 मध्ये त्यांना मुलगा झाला आणि आजारपणामुळे त्याच्या मेंदूला कायमची इजा झाली. त्यानंतरचं उरलेलं सगळं आयुष्य, म्हणजे 1996 पर्यंत, त्यांनी या एका विषयाला दिलं. 1950 मध्ये अशा मुलांच्या पालकांची जी राष्ट्रीय संघटना उभी राहिली तिच्या संस्थापकांत त्या होत्या. 1961 मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी बौद्धिक अपंगत्वाचा विचार करण्यासाठी तज्ज्ञांचं एक मंडळ नेमलं तेव्हा बॉग्स त्यातही होत्या. न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठातलं या क्षेत्रातलं केंद्र आज त्यांच्या नावाने चालतं.

केनेडींच्या घरातही हे दुःख होतंच. त्यांची धाकटी बहीण रोझमेरी बौद्धिकदृष्ट्या मागे होती. 1941 मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, तिच्या मेंदूवर लोबोटॉमीची शस्त्रक्रिया करण्यात आली. जे काही येत होतं तेही त्यानंतर गेलं, आणि ती पुढचं आयुष्य संस्थेतच राहिली. घराण्याने ही गोष्ट वीस वर्षं लोकांपुढे येऊ दिली नाही. 1962 मध्ये दुसरी बहीण युनिस श्रायव्हर हिने एका मोठ्या खपाच्या साप्ताहिकात लेख लिहून बहिणीबद्दल उघडपणे सांगितलं. त्या काळी अशा मुलाला घरी न ठेवता राज्याच्या मोठ्या संस्थेत सोडून यावं, असा सल्ला भलेभले डॉक्टर देत. न्यू यॉर्कच्या स्टेटन आयलंडवरची विलोब्रुक ही त्यातलीच एक. 4000 जणांसाठी बांधलेल्या या संस्थेत एका काळी 6000 हून अधिक मुलं-माणसं कोंबलेली होती.

ऑक्टोबर 1963 मध्ये केनेडींनी एका आठवड्याच्या अंतराने याच विषयावरच्या दोन कायद्यांवर सह्या केल्या. दुसऱ्या कायद्यात एक तरतूद होती : विद्यापीठांना जोडून अशी केंद्रं बांधायची, जिथे अपंग मुलांची तपासणी आणि उपचार होतील आणि तिथेच निरनिराळ्या विषयांचे विद्यार्थी शिकतील. पुढच्याच महिन्यात केनेडींची हत्या झाली. केंद्रं मात्र उभी राहिली, आणि आजची ‘लेंड’ त्याच मुळावर वाढलेली फांदी आहे.

पण इतक्या विषयांची माणसं एकत्र कशाला हवीत? चांगला डॉक्टर असला म्हणजे पुरे नाही का? या प्रश्नाचं उत्तर एका आजाराच्या कहाणीत फार स्पष्ट दिसतं. तो आजार फिनाइलकीटोन्युरिया, म्हणजेच पीकेयू.

नॉर्वेत 1930 च्या सुमारास बॉर्ग्नी एगेलँड नावाच्या एका आईची दोन्ही मुलं जन्मतः धडधाकट असूनही हळूहळू मागे पडत गेली. त्यांच्या अंगाला, लघवीला एक विचित्र कुबट वास येतो, हे तिच्या लक्षात आलं होतं. डॉक्टरांमागून डॉक्टर झाले, वासाकडे कुणी लक्ष दिलं नाही. 1934 मध्ये ती आस्ब्यर्न फॉलिंग यांच्यापर्यंत पोचली. ते डॉक्टर होते आणि रसायनशास्त्रही शिकलेले होते. त्यांनी मुलांच्या लघवीत फेरिक क्लोराइड टाकलं तर ती हिरवी झाली. त्या रंगाचा माग काढत त्यांनी शोधलं की अन्नातल्या प्रथिनांमधला फिनाइलॲलनिन हा एक घटक या मुलांच्या शरीरात मोडला जात नाही, साचत राहतो, आणि मेंदूची वाढ खुंटवतो. ही सगळी वाट एका आईने धरून ठेवलेल्या वासापासून सुरू झाली.

पुढे 1950 च्या दशकात कळलं की हा घटक आहारातून काटेकोरपणे कमी ठेवला तर मेंदू वाचतो, पण जन्मल्यापासून काही आठवड्यांतच सुरुवात करायला हवी. मग प्रश्न आला तो इतक्या लवकर ओळखायचं कसं. बफेलो शहरातल्या रॉबर्ट गथ्री यांनी बाळाच्या टाचेतून घेतलेल्या, कागदावर वाळवलेल्या रक्ताच्या थेंबावर करता येईल अशी जिवाणूंची स्वस्त चाचणी शोधली आणि 1963 मध्ये प्रसिद्ध केली. गथ्री यांचा स्वतःचा मुलगा बौद्धिक अपंग होता, आणि नात्यातल्या एका मुलीचा पीकेयू वेळेत ओळखला गेला नव्हता. म्हणजे इथेही प्रयोगशाळेत शास्त्रज्ञाबरोबर एक पालक उभा होता.

चाचणी झाली, निदान झालं, आणि आता ते बाळ घरी आलं आहे. त्याला दूध मोजून द्यायचं. मांस, अंडी, डाळी जवळजवळ वर्ज्य. चवीला नकोसं वाटणारं खास मिश्रण रोज पाजायचं. शाळेत सगळे डबा उघडतात तेव्हा याने काय खायचं? वाढदिवसाचं काय? आजी लपवून काही भरवते तिला कसं सांगायचं? मिश्रणाचा खर्च विमा देईल का? बाळ मुलगी असेल, तर ती मोठी होऊन स्वतः आई होईल तेव्हा गरोदरपणात पथ्य सांभाळलं नाही तर पोटातल्या बाळाला इजा होईल, हे तिला कुणी आणि कधी सांगायचं? यातल्या एकाही प्रश्नाचं पूर्ण उत्तर एका डॉक्टरकडे नाही. आहारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजकार्यकर्ती, जनुकीय समुपदेशक, शाळेतली शिक्षिका, सगळे लागतात. विस्कॉन्सिन विद्यापीठात हॅरी वाइझमन यांनी पीकेयूवर आयुष्यभर काम केलं, आणि मॅडिसन शहरात 1973 मध्ये उभ्या राहिलेल्या केंद्राला त्यांचंच नाव दिलं गेलं. वाइझमन केंद्रात आजही संशोधन, उपचार, बालवाडी आणि ‘लेंड’चा वर्ग एकाच ठिकाणी आहेत.

वर्गात काय चालतं? व्याख्यानं असतात, ती कुठेही असतात. खरं शिक्षण क्लिनिकमध्ये होतं. समजा, अडीच वर्षांचं एक मूल अजून बोलत नाही. एक प्रशिक्षणार्थी जमिनीवर बसून त्याच्याशी खेळतो. बाकीचे एका बाजूनेच आरपार दिसणाऱ्या काचेमागून पाहतात. ऑडिओलॉजीच्या विद्यार्थिनीचं लक्ष त्याच्या कानांकडे : पाठीमागून आवाज आला तर ते वळतं का? वाचा-उपचार शिकणारा पाहतो, हवी ती वस्तू ते बोटाने दाखवतं का. ऑक्युपेशनल थेरपीवालीला दिसतं की चिकट मातीला हात लागताच ते अंग चोरतं. आहारशास्त्रवाला विचारतो की दिवसभरात काय खातं, आणि उत्तर येतं, दूध आणि बिस्किटं. समाजकार्याच्या विद्यार्थिनीने वडिलांच्या रात्रपाळीची नोंद केलेली असते. मग सगळे बसून बोलतात, आणि एकाच मुलाची किती वेगवेगळी मुलं सगळ्यांनी पाहिली हे तिथे कळतं.

त्यानंतर आई-वडिलांना सांगायची वेळ येते. ‘ऑटिझम’ हा शब्द कुणी उच्चारायचा, आधी काय सांगायचं, किती थांबायचं. हे ऐकून घरी गेल्यावर आज रात्री त्या घरात काय होईल, हा विचार खोलीत सर्वांत आधी कुणाला सुचत असेल तर तो त्या पालक-प्रशिक्षणार्थीला. ती त्या रात्रीतून गेलेली असते.

अनेक केंद्रांत प्रत्येक विद्यार्थ्याला वर्षभरासाठी एक कुटुंब जोडून दिलं जातं. त्यांच्या घरी जायचं, जेवणाच्या वेळी बसायचं, शाळेतल्या बैठकीला सोबत जायचं, दुकानात जायचं. सल्ला द्यायचा नाही, कारण इथे शिक्षक म्हणजे ते कुटुंब. अशा भेटींत एक हिशेब उलगडतो, जो कुठल्याच ओपीडीत मांडला जात नाही. पाच तज्ज्ञांनी घरी करायचे प्रत्येकी वीस-वीस मिनिटांचे व्यायाम सांगितले, की रोजची शंभर मिनिटं झाली. धाकटं भावंड, स्वयंपाक, नोकरी यांच्यातून ती काढायची. प्रत्येक तज्ज्ञाच्या दृष्टीने त्याची वीस मिनिटं वाजवीच असतात. बेरीज फक्त आई करते. ज्या विद्यार्थ्याने ती बेरीज एकदा डोळ्यांनी पाहिली, तो पुढे कागदावर व्यायाम लिहिताना आधी विचारेल की बाकीच्यांनी काय काय सांगितलंय. वर्षभराच्या प्रशिक्षणातून एवढं जरी पदरात पडलं तरी ते सार्थकी लागलं असं मी म्हणेन.

कार्यक्रमाच्या नावात नेतृत्व हा शब्द आहे, तो धोरणाच्या शिक्षणासाठी. 1975 च्या कायद्याने अमेरिकेतल्या प्रत्येक अपंग मुलाला मोफत आणि योग्य सार्वजनिक शिक्षणाचा हक्क दिला, आणि त्याच्यासाठी वैयक्तिक शिक्षण आराखडा बनवणं शाळेवर बंधनकारक केलं. त्या आराखड्याच्या बैठकीत पालकाला कायद्याने जागा आहे. दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्याला हे का माहीत असावं? कारण दंतवैद्याच्या खुर्चीत बसायला घाबरणाऱ्या मुलाला भूल देऊन उपचार करावे लागतात, आणि तो खर्च सरकारी विम्यात बसतो की नाही यावर त्याचा दात वाचणं अवलंबून असतं. म्हणून विद्यार्थी वसंतात वॉशिंग्टनला धोरण परिषदेला जातात, लोकप्रतिनिधींच्या कार्यालयांत बसून बोलतात. 2006 मध्ये ऑटिझमविषयीचा कायदा झाला आणि केंद्रांना बळ मिळालं. पण तो कायदा मुदतीचा असल्यामुळे पुन्हा पुन्हा मंजूर करून घ्यावा लागतो, शेवटचा 2024 च्या डिसेंबरमध्ये.

सगळं गोड आहे असं नाही. वर्गात सगळे सारखे असले तरी बाहेर रुग्णालयात शेवटचा शब्द डॉक्टरचाच असतो. विमा कंपनी पैसे देते ते तपासणीचे. चार तज्ज्ञांनी एकत्र बसून बोललेल्या तासाचे पैसे सहसा कुणी देत नाही. आणि केंद्रं विद्यापीठांच्या गावी असल्याने दूरच्या खेड्यातलं कुटुंब त्यांच्यापर्यंत उशिराच पोचतं. एका वर्षाच्या सवयी नोकरीच्या रेट्यात किती टिकतात, हा प्रश्न मला तरी गंभीर वाटतो.

या विषयाचे धागे महाराष्ट्रातही जुने आहेत. मूळच्या अमेरिकन, फिलाडेल्फियात ऑक्युपेशनल थेरपी शिकलेल्या कमला निंबकर यांनी 1950 मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात या विषयाची देशातली पहिली शाळा सुरू केली. फलटणच्या कमला निंबकर बालभवनामुळे त्यांचं नाव मराठी वाचकाला ठाऊक असतं, पण या कामामुळे फार थोड्यांना. मुंबईत 2001 मध्ये डॉ. विभा कृष्णमूर्ती यांनी स्थापन केलेल्या ‘उम्मीद’ या संस्थेत डॉक्टर, थेरपिस्ट आणि विशेष शिक्षक एकत्र काम करतात, आणि इतरांना शिकवणं हाही तिथल्या कामाचा मोठा भाग आहे.

सरकारी पातळीवरही पाऊल पडलं आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी 2013 मध्ये पालघरला, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात झाली. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करायची, आणि ज्यांच्या वाढीत अडथळा दिसेल त्यांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवायचं, अशी ही रचना. केंद्राच्या मंजूर पदांत बालरोगतज्ज्ञ, दंतवैद्य, फिजिओथेरपिस्ट, ऑडिओलॉजिस्ट, मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक, समाजकार्यकर्ता असे सगळे आहेत. यादी ‘लेंड’च्या वर्गासारखीच दिसते. फरक असा की ही माणसं एकमेकांना पहिल्यांदा भेटतात ती नोकरीत. त्यांचं शिक्षण वेगवेगळ्या महाविद्यालयांत झालेलं असतं आणि त्यांच्या नियामक परिषदाही वेगळ्या : डॉक्टरांची एक, परिचारिकांची दुसरी, विशेष शिक्षक आणि ऑडिओलॉजिस्ट यांच्यासाठी भारतीय पुनर्वास परिषद. एका छताखाली नेमणूक झाली तरी कागदपत्रं शेजारच्या खोलीत पाठवायची सवय जात नाही.

जिल्ह्यातल्या वैद्यकीय, नर्सिंग, फिजिओथेरपी आणि विशेष शिक्षणाच्या महाविद्यालयांनी शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचा आठवड्यातला एक दिवस या केंद्रात एकत्र ठेवला, तर त्यासाठी नवी इमारत लागणार नाही. एका मुलाची सगळ्यांनी मिळून तपासणी करायची, एकच आराखडा लिहायचा, आणि घरच्या व्यायामांची बेरीज केल्याशिवाय तो पालकांच्या हाती द्यायचा नाही. एक पद मात्र नव्याने मंजूर करून घ्यावं लागेल : मानधनावर शिकवणाऱ्या पालकाचं. त्याच्या जाहिरातीत शैक्षणिक पात्रतेच्या रकान्यात काय लिहायचं, ते आरोग्य विभागाने त्या मुलांच्या आयांनाच विचारून ठरवावं.