कन्व्हेअरच्या ड्रॉइंगमधली चिन्हं : सगळ्यांची एकच भाषा कशी ठरवायची?



छोटं फॅब्रिकेशन युनिट टाकून कन्व्हेअर, बकेट एलिव्हेटर, हॉपर बनवायचा विचार करताय? मग वेल्डिंग मशीन, कारागीर आणि भांडवल यांच्या यादीत अजून एक गोष्ट लिहून ठेवा : कॅड चिन्हांची लायब्ररी. मी बीबीए केलेला दुकानदार माणूस. दुकानात एकाच मालाला दोन नावं पडली की स्टॉक जुळत नाही. ड्रॉइंगचंही तसंच आहे.

चिन्ह नीट ठरलेलं नसेल तर काय होतं?

कोल्हापूरकडच्या एखाद्या फाउंड्रीचा सँड प्लांट डोळ्यासमोर आणा. हॉपरमधून वाळू बेल्टवर पडते, बेल्टवरून बकेट एलिव्हेटरमध्ये जाते. लेआउट ग्राहकाचा ड्राफ्ट्समन काढतो, फ्रेम तुम्ही बनवता, गिअरबॉक्स तिसराच देतो. ड्रॉइंगवर लिहिलंय, 'ड्राइव्ह उजवीकडे'. पण उजवीकडे म्हणजे कुठून बघून? टेल पुलीकडे उभं राहून, माल जातो त्या दिशेनं पाहिलं तर एक बाजू; हेड पुलीसमोर उभं राहून मागे पाहिलं तर बरोबर उलटी. हे साइटवर कळलं तर गिअरबॉक्स भिंतीच्या बाजूला आलेला असतो. मग ब्रॅकेट कापा, नवीन लावा, क्रेन परत बोलवा. ऑर्डरमधला नफा तिथेच संपतो.

स्क्रू कन्व्हेअरमध्येही हेच. स्क्रूचा आटा डावा की उजवा आणि तो फिरतो कुठल्या दिशेनं, या दोन गोष्टींवर माल कुठे जाणार ते ठरतं. चिन्हात दोन्ही दिसायलाच हवं.

याचं स्टँडर्ड नाही का?

आहे, पण सगळं एका जागी नाही. आयएसओ १०६२८ च्या दुसऱ्या भागात (२०१२) केमिकल आणि पेट्रोकेमिकल प्लांटच्या फ्लो डायग्रामची चिन्हं आहेत. बेल्ट कन्व्हेअरची निवड आणि डिझाइन यासाठी भारतीय मानक आयएस ११५९२ आहे. पण लेआउटमधला आयडलर, टेक-अप, स्क्रेपर प्रत्येक जण आपल्या सवयीनं काढतो. म्हणून साधा नियम ठेवा : स्टँडर्डमध्ये चिन्ह असेल तर तेच वापरा. नसेल तर ग्राहकासोबत ठरवा आणि पहिल्याच शीटवर चिन्हांची सूची छापा.

ऑटोकॅडमध्ये लायब्ररी बनवताना

१. एक वस्तू, एक ब्लॉक, एक नाव. नावाआधी तुमच्या फर्मची दोन-तीन अक्षरं जोडा. नुसतं 'पुली-१' ठेवलं आणि ग्राहकाच्या फाइलमध्येही 'पुली-१' असेल, तर कॉपी-पेस्ट केल्यावर त्याच्या फाइलमधली पुली टिकते, तुमची गायब! कुणाच्या लक्षातही येत नाही.

२. ब्लॉक लेअर शून्यवर काढा, रंग 'बाय-लेअर' ठेवा. मग ज्या लेअरवर ब्लॉक टाकाल त्याचा रंग तो घेतो.

३. युनिट मिलिमीटर ठरवून ठेवा. इंच आणि मिलिमीटरची गल्लत झाली तर माप २५.४ पट चुकतं.

४. इन्सर्शन पॉइंट पक्का हवा. पुलीचा केंद्रबिंदू, आयडलरसाठी बेल्टची मधली रेषा, असं काहीतरी कायमचं ठरवा.

५. माहिती चिन्हातच भरा. अ‍ॅट्रिब्यूटमध्ये बेल्टची रुंदी, रोलरचा व्यास, पार्ट नंबर टाकला की डेटा एक्स्ट्रॅक्शननं यादी आपोआप निघते. समजा ३० मीटरचा बेल्ट आहे. कॅरिंग आयडलर १.२ मीटरवर आणि रिटर्न आयडलर ३ मीटरवर धरले, तर साधारण २५ आणि १० सेट लागतात. कोटेशन देताना ही मोजणी हातानं करायची गरज उरत नाही.

शेअर करताना काय सांभाळायचं?

मास्टर फाइल एकाच माणसाकडे ठेवा, तिच्यावर तारीख आणि आवृत्ती नंबर टाका. लायब्ररीतला ब्लॉक बदलला म्हणून जुन्या ड्रॉइंगमधला आपोआप बदलत नाही, त्यामुळे कुठली आवृत्ती कुणाकडे गेली ते लिहून ठेवा. पाठवताना ई-ट्रान्समिट वापरा; फॉन्ट आणि जोडलेल्या फाइल एकत्र जातात. समोरच्याकडे वेगळं सॉफ्टवेअर असेल तर डीएक्सएफ द्या. सोबत पीडीएफ हवीच. आपण काय पाठवलं होतं याचा तो पुरावा असतो.

'सगळं दिलं तर आपलं डिझाइन चोरीला जाईल ना?' हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. अहो, चिन्ह द्यायचंय, शॉप ड्रॉइंग नाही! बाहेरची मापं, जोडणीची भोकं, ड्राइव्हची बाजू आणि मालाची दिशा एवढंच त्या ब्लॉकमध्ये ठेवा. प्लेटची जाडी, वेल्डिंगचे तपशील तुमच्याकडेच राहू द्या.

सुरुवातीला शंभर चिन्हांच्या मागे लागू नका. रोज लागणारी दहा चिन्हं या आठवड्यात बनवा. आणि पुढच्या ऑर्डरला पर्चेस ऑर्डरसोबत चिन्हांच्या सूचीवरही ग्राहकाची सही घ्या. त्या सूचीतली पहिली ओळ हीच असू द्या : 'उजवी-डावी बाजू टेलकडून हेडकडे पाहून धरावी.'