धरावे की मारावे?

परदेशातल्या शत्रूला सरकारने हेरून ठार मारावे काय, हा प्रश्न मुत्सद्द्यांचा आणि कायदेपंडितांचा. त्यात कामगार चळवळीतल्या माणसाने कशाला पडावे, असे कोणी विचारील. आमचे उत्तर सोपे आहे. सरकार जे करते ते आपणा सर्वांच्या नावाने करते. त्याचा हिशेब मागण्याचा हक्क आपल्याला आहे, आणि त्याच्या दोषाचा वाटाही आपल्याकडे येतो. आमचे शिक्षण कारखान्याच्या दारात आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. तेथे जे शिकलो त्याच्याच आधाराने हा प्रश्न तपासून पाहू.

प्रथम आपण कशाविषयी बोलत आहोत ते ठरवू. रणांगणावर सैनिक सैनिकाला मारतो, तो हा प्रकार नव्हे. न्यायालय फाशी देते, तोही नव्हे. एक माणूस निवडायचा, त्याचे नाव यादीत घालायचे, आणि परक्या देशात तो घरी असो, मोटारीत असो वा रस्त्यावर असो, तेथे त्याला संपवायचे, असा हा प्रकार आहे. यात आरोपपत्र नाही, साक्षीपुरावा नाही, अपील नाही.

असे करणाऱ्यांची बाजू दुबळी आहे असे समजू नये. 1972 च्या सप्टेंबरात म्युनिकच्या ऑलिंपिकमध्ये पॅलेस्टिनी हल्लेखोरांनी इस्राएलचे 11 खेळाडू व प्रशिक्षक मारले. तीन हल्लेखोर जिवंत सापडले. त्यांच्यावर खटला चालायचा. पण पुढच्याच महिन्यात एक विमान पळवले गेले आणि त्या प्रवाशांच्या बदल्यात तिघांनाही सोडून देण्यात आले. मग इस्राएलने म्हटले, न्यायालयाचा रस्ताच बंद असेल तर आम्ही काय करावे? हा प्रश्न खरा आहे. ज्यांच्या घरची माणसे गेली त्यांना तो आणखी खरा वाटतो. त्यानंतर इस्राएलच्या हेरखात्याने युरोपात एकेकाला गाठून मारण्यास आरंभ केला.

21 जुलै 1973 च्या रात्री नॉर्वेतील लिलेहामर या लहानशा गावात एक मोरोक्कन माणूस सिनेमा पाहून बसमधून उतरला आणि बायकोबरोबर घराकडे चालू लागला. बायको गरोदर होती. तिच्या देखत त्याला गोळ्या घालण्यात आल्या. हेरांना तो म्युनिकचा एक सूत्रधार अली हसन सलामेह वाटला होता. वस्तुतः तो एक वेटर होता. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. नॉर्वेने सहा जणांना पकडले, पाच जणांना शिक्षा झाल्या. पण 1975 पर्यंत तेही सुटून घरी गेले. 1996 मध्ये इस्राएलने त्याच्या कुटुंबाला भरपाई दिली, मात्र जबाबदारी कबूल केली नाही. खरा सलामेह 1979 मध्ये बैरुतमध्ये मोटारीतील बाँबने मारला गेला. त्या स्फोटात रस्त्यावरची निरपराध माणसेही गेली.

हा प्रसंग वाचला तेव्हा आम्हांस आमच्याच कामातली एक गोष्ट आठवली. वीसेक वर्षांपूर्वी एका कारखान्यात तांब्याची तार चोरीस गेली. गेटवरच्या वहीत एका कामगाराचे नाव सापडले. मालक म्हणाले, आजच काढतो. आमच्याच सभासदांपैकी कित्येक म्हणाले, चोराची वकिली युनियनने कशाला करावी? खरे सांगायचे तर आम्हांसही तो चोरच वाटत होता. तरी नियम म्हणून आम्ही चार्जशीट आणि चौकशी मागितली. चौकशीत निघाले काय? त्या नावाचे दोघे जण होते, दोन वेगळ्या पाळ्यांत. वहीत नाव होते, बिल्ल्याचा नंबर नव्हता. सहा आठवड्यांनी तो माणूस मान वर करून कामावर आला. त्याच्याकडे पाहताना आमची मान मात्र खाली गेली. चौकशी ही केवळ आरोपीवर केलेली मेहेरबानी नव्हे, हे आम्ही त्या दिवशी शिकलो. आपली खात्री खोटी असू शकते, म्हणून ती आपल्यालाच वाचवते. त्या कामगाराला नोकरी परत देता आली. लिलेहामरच्या वेटरला काय परत देणार?

कोणी म्हणेल, ती जुनी गोष्ट झाली. आता आकाशातून पाहणारी यंत्रे आहेत, चूक होत नाही. 29 ऑगस्ट 2021 रोजी काबूलमध्ये अमेरिकेने वैमानिकाविना उडणाऱ्या विमानातून एका मोटारीवर क्षेपणास्त्र टाकले. तीनच दिवस आधी विमानतळावर भीषण स्फोट झाला होता, आणि या मोटारीत स्फोटके आहेत अशी अमेरिकेची खात्री होती. ती मोटार एका मदतसंस्थेचा कामगार चालवीत होता आणि तिच्यात पाण्याचे कॅन होते. दहा माणसे मेली, त्यांत सात मुले. 17 सप्टेंबरला अमेरिकी लष्कराने चूक कबूल केली. डिसेंबरात ठरले की कोणालाही शिक्षा करायची नाही. यंत्राची दृष्टी तीक्ष्ण झाली. पण मोटारीत काय आहे हे अखेर माणसाच्या संशयानेच ठरवले.

आणि नेम अचूक लागला तरी हिशेब तेथे संपत नाही. 3 जानेवारी 2020 रोजी बगदादमध्ये अमेरिकेने इराणचे सेनानी कासिम सुलेमानी यांना मारले. 8 जानेवारीला इराणने इराकमधील अमेरिकी तळांवर क्षेपणास्त्रे सोडली. प्रतिहल्ला येईल या धास्तीत असलेल्या इराणी सैन्याने त्याच पहाटे तेहरानहून निघालेले एक प्रवासी विमान चुकून पाडले. 176 माणसे गेली. त्यांतल्या एकाचेही नाव कोणाच्या यादीत नव्हते.

मग कधीच मारू नये काय? आम्ही तसे म्हणत नाही. हल्ला करण्यास निघालेला माणूस हाती लागण्याजोगा नसेल, आणि थांबलो तर माणसे मरतील, तर त्याला रोखावेच लागेल. इस्राएलच्याच सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2006 मध्ये अटी घातल्या, त्या आम्हांस मननीय वाटतात. माहिती भक्कम असावी. पकडणे शक्य असेल तर मारू नये. निरपराधांची हानी प्रमाणाबाहेर नसावी. आणि मारल्यानंतर स्वतंत्र चौकशी व्हावी. अटी चांगल्या आहेत. पण त्या पाळल्या की नाही हे मारणाराच ठरवू लागला, तर त्या कागदावरच राहतात.

आपल्याकडे नारायणराव पेशव्यांच्या 1773 मधील वधाची कथा लहान मुलालाही ठाऊक असते. हुकूम होता ‘धरावे’. कोणीतरी ‘ध’ चा ‘मा’ केला, असे परंपरा सांगते. त्या एका अक्षराच्या फरकात हा सारा प्रश्न आहे. 26 नोव्हेंबर 2008 च्या त्या रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे या सहायक पोलीस उपनिरीक्षकाने बंदुकीची नळी स्वतःच्या अंगाशी धरून ठेवली. ते गेले, पण कसाब जिवंत सापडला. कट कोठे शिजला ते त्याच्या तोंडून निघाले. खटला उघड चालला, अपिले झाली, आणि 21 नोव्हेंबर 2012 रोजी येरवड्यास त्याला फाशी झाली. त्याच खटल्यात आणखी दोघे भारतीय आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले, आणि वरच्या न्यायालयांनीही ते कायम ठेवले. यादी करून मारायचे असते तर ती दोन नावेही यादीतच असती.

2023 मध्ये कॅनडाच्या पंतप्रधानांनी तेथील एका शीख फुटीरतावादी पुढाऱ्याच्या हत्येत भारताच्या हस्तकांचा संबंध असल्याचा आरोप केला. आपल्या सरकारने तो साफ नाकारला. खरे काय ते ठरवणे आमच्या आवाक्यातले नाही. पण त्या दिवसांत चहाच्या दुकानात आम्ही लोकांना म्हणताना ऐकले, ‘केले असेल तर उत्तमच केले.’ आमचा झगडा या वाक्याशी आहे. जो हक्क आपण आपल्या सरकारला देऊ, तोच उद्या दुसरे सरकार आपल्या गल्लीत येऊन मागेल. तेव्हा नाही म्हणण्यास तोंड राहणार नाही.

म्हणून कोणतेही सरकार ‘अमक्याला मारले’ असे सांगेल तेव्हा टाळी वाजवण्याआधी आपण तीन गोष्टी विचाराव्या. त्याला धरता आले नसते काय? तो तोच होता हे कोणी तपासले? आणि चूक निघाली तर जबाब कोण देणार? कारखान्यातल्या साध्या कामगारासाठी आम्ही हेच विचारतो. माणसाच्या जिवासाठी याहून कमी विचारणे आम्हांस पटत नाही.