लावणीचे रोप

भाताची लावणी तुम्ही पाहिली आहे. रोप उपटून दुसऱ्या खाचरात लावले, की चार दिवस ते पिवळे पडते. शेतकरी घाबरत नाही. मूळ धरायला वेळ लागतो, हे त्याला ठाऊक असते.

परदेशातून आलेल्या कुटुंबातली मुले कॉलेजात जातात, तेव्हा त्यांचेही असेच होते. पुष्कळदा आईबापांनी कॉलेज पाहिलेलेच नसते. कोणता विषय घ्यावा, अडले तर कुणाला विचारावे, हे घरात कोण सांगणार?

कॉलिन पॉवेल यांचीच गोष्ट घ्या. त्यांचे आईवडील जमैका बेटावरून अमेरिकेत न्यूयॉर्क शहरी आले. आई शिवणकाम करी. कॉलिन १९३७ साली जन्मला. १९५४ साली तो तिथल्या सिटी कॉलेजात गेला. शहरातल्या मुलांना तिथे शिकवणीची फी नव्हती. म्हणून गरिबांची मुले तिथे शिकत.

आईला वाटे, मुलाने इंजिनियर व्हावे. पण आकृत्या काढण्याच्या वर्गात गाडे अडले. शंकू आडवा कापला तर कसा दिसेल, ते मनात आणून काढायचे होते. कॉलिनच्या डोळ्यांपुढे ते येईच ना! त्याने तो अभ्यासक्रम सोडला. खडकांचे आणि जमिनीचे शास्त्र घेतले. मार्क बेताचेच पडत.

मात्र कॉलेजात सैनिकी शिक्षणाचे पथक होते. आपल्याकडे एन.सी.सी. असते ना, तसे. तिथे त्याला शिस्त आवडली, जिवाभावाचे सोबती मिळाले. मूळ धरले ते तिथे. १९५८ साली तो पदवीधर झाला आणि सैन्यात अधिकारी झाला. पुढे १९८९ साली पॉवेल अमेरिकेचे सर्वांत वरचे सेनाधिकारी झाले. २००१ साली ते परराष्ट्रमंत्री झाले.

सगळेच काही मंत्री होत नाहीत. पण न झेपणारा विषय बदलता येतो, आणि सोबत मिळाली की मूल टिकते, एवढे यातून कळते.

आपली मुलेही गाव सोडून शहरात शिकायला जातात. पहिल्या परीक्षेत मार्क कमी पडले, तर लगेच "परत ये" म्हणू नका. आधी विचारा: जेवणखाण नीट होते का? दोन सोबती जोडलेस का? अडलेले मास्तरांना विचारलेस का? हे विचारायला मॅट्रिक व्हावे लागत नाही. आणि आता तर तुम्हाला लिहिता येते. चार ओळी स्वतःच्या हाताने लिहून पाठवा. पोराला धीर येईल.