ग्रंथपालाची वही

दुकानदार रोज रात्री गल्ला मोजतो. मोंढ्यात आडत्या पोती मोजतो. घरची बाई पीठ संपायच्या आधी डब्यात हात घालून बघते. मोजल्यावाचून कोणाचं चालत नाही. मग गावच्या वाचनालयात मोजायचं ते काय? "कपाटात पुस्तकं आहेत तेवढी आहेत, ती रोज मोजून काय होतंय?" असं लोक म्हणतात.

पुस्तकं मोजून फारसं होत नाही, हे खरं. मोजायचं असतं ते दुसरंच.

आधी थोडी मागची हकीकत सांगतो. नांदेड आणि लातूर हा मुलूख १९४८ सालापर्यंत निजामाच्या राज्यात होता. कचेरीची भाषा उर्दू, शाळेची भाषाही उर्दू. मराठी वाचनालय काढायचं तर लोकांनीच वर्गणी जमवायची, लोकांनीच जागा बघायची. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हा मुलूख मोकळा झाला. हैदराबाद राज्यात १९५५ साली ग्रंथालयांचा कायदा झाला. पुढे मराठवाडा महाराष्ट्रात आला. महाराष्ट्राने १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा आपला कायदा केला. सरकारने मान्य केलेल्या वाचनालयाला दरसाल अनुदान मिळतं. वाचनालयाचे वर्ग चार : अ, ब, क आणि ड. ज्याचा वर्ग वरचा, त्याला अनुदान जास्त. हा वर्ग ठरवायला पुस्तकं किती, सभासद किती, वर्तमानपत्रं किती, हे बघतात. जिल्ह्याचे ग्रंथालय अधिकारी तपासणीला येतात.

म्हणजे मोजणी आहेच. पण ती कोणासाठी? साहेबासाठी. साहेब येणार म्हटलं की कपाटं पुसायची, वह्या पुऱ्या करायच्या. साहेब गेले की कुलूप. सगळीकडे असं होतं असं आम्ही म्हणत नाही, पण होतं. २०११ साली शाळांची पटपडताळणी झाली, ती तुम्हांला आठवत असेल. तिची सुरुवात आपल्या नांदेड जिल्ह्यातून झाली आणि मग ती सगळ्या महाराष्ट्रात झाली. मुलांच्या बोटाला शाई लावून मुलं मोजली. पटावर नावं होती, वर्गात मुलं नव्हती, असं पुष्कळ ठिकाणी निघालं. पुढच्याच साली, २०१२ मध्ये, सरकारने वाचनालयांचीही पडताळणी केली. तिथंही खोट निघाली. कुठं वाचनालय होतं, पण वाचक नव्हता.

अशी मोजणी चोर धरायला बरी. पण तिने वाचकाची सोय होत नाही. वाचकाची सोय होते ती दुसऱ्या मोजणीने. ती ग्रंथपाल स्वतः करतो. त्याला कोणी हुकूम केलेला नसतो.

वाचनालयात देवघेवीची वही असते. कोणी कोणतं पुस्तक नेलं, कधी नेलं, कधी परत आणलं, हे तिच्यात लिहितात. बहुतेक ठिकाणी ही वही भरली की माळ्यावर जाते. शहाणा ग्रंथपाल महिन्याच्या शेवटी ती उघडून बसतो आणि स्वतःला प्रश्न विचारतो.

समजा, वहीत बायांची नावं चाळीस आहेत आणि महिन्यात पुस्तक नेलं फक्त दोघींनी. असं काहून झालं? बायांना वाचायची आवड नाही म्हणावं, तर नाव घालायला त्या आल्याच कशाला? ग्रंथपाल दोघी-तिघींना विचारतो. कळतं असं की वाचनालय उघडतं सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला. त्या वेळी बाई एक तर चुलीपाशी असते, नाही तर रानातून येत असते. तिला सवड दुपारी. मग आठवड्यातून दोन दिवस दुपारी दार उघडून बघायचं. दोन महिन्यांनी पुन्हा वही बघायची. दोनाच्या वीस झाल्या तर वेळ बरोबर आहे. तिथंही दोनच राहिल्या तर कारण वेगळं आहे. मग ते शोधायचं. ही शेवटची पायरी लई लोक विसरतात. बदल करतात आणि मागं वळून बघत नाहीत.

दुसरी गोष्ट. जी पुस्तकं वर्षभर जागची हलली नाहीत, तीही वहीवरून कळतात. ती वाईटच असतात असं नाही. मोठ्या अक्षरांची पुस्तकं वरच्या फळीवर ठेवली, तर नुकता वाचायला शिकलेला माणूस वर मान करून नाव कधी वाचणार? ती हाताशी आणून ठेवा आणि बघा.

तिसरी गोष्ट आम्हांला सगळ्यांत मोठी वाटते. जो माणूस आला आणि रिकाम्या हाताने गेला, त्याची नोंद देवघेवीच्या वहीत होत नाही. कोणी सोयाबीनवरच्या किडीचं पुस्तक मागितलं, ते नव्हतं. कोणाच्या पोराला भरतीच्या परीक्षेचं पुस्तक पाहिजे होतं, तेही नव्हतं. म्हणून चांगला ग्रंथपाल मागणीची वेगळी वही ठेवतो. अनुदान आलं की आधी ती वही उघडायची आणि मग पुस्तकं घ्यायची. नाही तर विक्रेता जो गठ्ठा देईल तो कपाटात जातो.

हे काम ज्यांच्यापासून शिकावं असे एक गृहस्थ होऊन गेले. त्यांचं नाव डॉ. रंगनाथन. मद्रासकडचे. जन्म १८९२ सालचा. ते मुळात गणिताचे मास्तर. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. पहिल्यांदा त्यांचा जीव तिथं रमेना, परत शिकवायला जातो म्हणत होते. मग त्यांना विलायतेला धाडलं. तिथली शंभरेक ग्रंथालयं त्यांनी हिंडून बघितली. परत आले ते वेगळेच होऊन. त्यांचं सांगणं थोडक्यात असं : पुस्तक वापरायला असतं, राखायला नव्हे. ज्याला जे पाहिजे ते त्याला मिळावं, आणि वाचकाला ताटकळत ठेवू नये. १९३१ साली मन्नारगुडी या गावी बैलगाडीत पुस्तकं घालून खेड्यांत न्यायला सुरुवात झाली, त्या कामात रंगनाथन होते. माणूस पुस्तकापाशी येत नाही तर पुस्तक माणसापाशी न्यावं. बैलगाडीतून वाचनालय! ते १९७२ साली वारले. त्यांचा जन्मदिवस म्हणून १२ ऑगस्टला आपल्या देशात ग्रंथपाल दिन पाळतात.

महाराष्ट्र सरकार दरवर्षी ज्या चांगल्या वाचनालयांचा गौरव करतं, त्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाचा पुरस्कार मिळतो. आणि जी माणसं चांगलं काम करतात, त्यांना डॉ. रंगनाथन यांच्या नावाचा. त्यात एक पुरस्कार कार्यकर्त्याला असतो आणि एक सेवकाला, म्हणजे तिथं नोकरी करणाऱ्याला. लोक त्यांना ग्रंथमित्र म्हणतात. अमेरिकेतही, मोजमाप करून ग्रंथालयाची सेवा सुधारणाऱ्यांचा मुद्दाम सन्मान करतात.

सेवकाला असा मान मिळावा, हे आम्हांला फार योग्य वाटतं. खेड्यातल्या वाचनालयाच्या सेवकाचा पगार अनुदानातून निघतो आणि तो थोडाच असतो. वेतनश्रेणी द्या, ही त्यांची मागणी कितीतरी जुनी आहे. मानाने पोट भरत नाही, हेही खरंच. तरी झाडलोट करणाऱ्या, कुलूप लावणाऱ्या माणसाने रात्री दिव्याखाली बसून वही चाळली आणि चार बायांसाठी दुपारचं दार उघडलं, तर ते गावाला कळायला नको का?

कळायचा रस्ता सोपा आहे. तुम्ही सभासद असाल तर वाचनालयाच्या वार्षिक सभेला जा. तिथं अहवाल वाचतात. पुस्तकं किती घेतली, पैसा किती खर्च झाला, हे ते सांगतीलच. तुम्ही विचारा : औंदा रिकाम्या हाताने किती जण परत गेले? मागणीची वही आहे का? वही असली, तर ती कोण लिहितं, त्याचं नाव विचारून घ्या, आणि रंगनाथन पुरस्कारासाठी त्याचा प्रस्ताव जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याकडे पाठवा, असं त्याच सभेत उभं राहून म्हणा.